केफालस म्हातारपणाला दोष देत नाही

प्लेटोचं ‘रिपब्लिक’ हे पुस्तक न्यायाबद्दल आहे एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. राज्यशास्त्राच्या पेपरात त्यावर हमखास प्रश्न येतो. पण त्यात न्यायाचा विषय निघतो कुठून, तर एका म्हाताऱ्या माणसाची विचारपूस करताना. ‘या वयात कसं वाटतंय?’ एवढ्या साध्या प्रश्नातून गप्पा सुरू होतात आणि दहा भागांचा ग्रंथ होईपर्यंत थांबत नाहीत.

पहिल्यांदा वाचताना मला या सुरुवातीचं काहीच वाटलं नव्हतं. तत्त्वज्ञ राजा, गुहेतले कैदी, आत्म्याचे तीन भाग हे खरं पुस्तक आणि आधीची पाचसहा पानं म्हणजे नांदी, असं समजून मी ती भराभर उलटली होती. पुढे घरात दोन वृद्ध माणसांचं सगळं करायची वेळ आली, तेव्हा तीच पानं पुन्हा हातात घेतली आणि कितीतरी दिवस त्यांच्यापुढे सरकलोच नाही. म्हातारपण, स्वभाव आणि न्याय हे तीन वेगळे विषय आहेत असं आपल्याला वाटतं. त्या पानांत ते एकाच माणसाच्या बोलण्यात, एकातून दुसरा असे निघत जातात.

प्रसंग असा आहे. सॉक्रेटिस अथेन्सहून खाली पिरेयसच्या बंदरावर गेलेला आहे. थ्रेसमधून आलेल्या बेंडिस नावाच्या देवीचा उत्सव तिथे पहिल्यांदाच भरला आहे. मिरवणूक बघून, नमस्कार करून तो परत निघतो, तोच मागून एक नोकर पोरगा त्याचं वस्त्र धरून ओढतो. पोलेमार्कस नावाच्या तरुणाने त्याला पाठवलेलं असतं. रात्री घोड्यांवरून मशालींची शर्यत आहे, थांबा, जेवून जा, असा आग्रह होतो. सगळे पोलेमार्कसच्या घरी जातात. तिथे त्याचे वडील केफालस उशी घातलेल्या आसनावर बसलेले असतात. डोक्यावर पानाफुलांची माळ तशीच आहे, कारण नुकताच अंगणात देवाला बळी देऊन ते आत आलेत. सॉक्रेटिसला वाटतं, किती थकले हे! बऱ्याच दिवसांनी भेट होत असते.

केफालस तक्रारीनेच सुरुवात करतात, पण ती प्रेमाची तक्रार आहे. ‘सॉक्रेटिस, तू इकडे फिरकतच नाहीस. मला शहरापर्यंत चालणं जमत असतं तर मीच आलो असतो. शरीराची सुखं ओसरत चालली तशी मला बोलण्याबसण्याची गोडी वाढली आहे.’ सॉक्रेटिस म्हणतो, मला वृद्धांशी बोलायला आवडतंच. ज्या वाटेने कदाचित आम्हालाही जायचं आहे, त्या वाटेवर तुम्ही पुढे गेलेले आहात. ती खडतर आहे की सोपी, हे तुम्हालाच विचारायला हवं.

हा प्रश्न मला फार सुंदर वाटतो. वृद्धांना आपण एक तर सल्ला विचारतो, नाहीतर गोळ्या घेतल्या का ते विचारतो. वाट कशी आहे, असं विचारत नाही.

केफालस उत्तर देतात तेही कट्ट्यावरचं वाटावं इतकं ओळखीचं आहे. समवयस्क म्हातारे एकत्र जमले, की बहुतेक जण रडगाणं लावतात. ती मजा गेली, त्या मेजवान्या गेल्या, तेव्हा जगत होतो, आता कसलं जगणं! काही जण घरचे लोक कसे तुच्छतेने वागवतात याची यादी वाचतात आणि सगळ्याचं खापर वयावर फोडतात. केफालसना हे पटत नाही. वय हेच कारण असतं तर मलाही तोच त्रास झाला असता, आणि या वयाला पोचलेल्या प्रत्येकालाच झाला असता. ते नाटककार सोफोक्लीसची आठवण सांगतात. कुणीतरी त्याला म्हातारपणी विचारलं होतं, स्त्रीसुखाचं आता कसं काय? तो म्हणाला, गप्प बैस बाबा, एखाद्या पिसाट मालकाच्या तावडीतून गुलाम निसटावा तसा मी सुटलोय. मग केफालस मूळ मुद्द्यावर येतात: या सगळ्याचं कारण म्हातारपण नाही, माणसाचा स्वभाव आहे. माणूस आटोपशीर आणि समाधानी वृत्तीचा असेल तर म्हातारपणाचं ओझं बेताचंच वाटतं. तसा नसेल, तर त्याला म्हातारपण जड जातं आणि तारुण्यही जडच जातं.

सॉक्रेटिस त्यांना तिथेच सोडत नाही. लोक म्हणतील, तुम्हाला हे सोपं जातंय ते पैशामुळे, स्वभावामुळे नव्हे. केफालस मान्य करतात की त्यात तथ्य आहे, पण लोकांना वाटतं तेवढं नाही, आणि अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस याचा किस्सा सांगतात. सेरिफोस नावाच्या चिमुकल्या बेटावरचा एक जण थेमिस्टोक्लीसला हिणवत होता, की तुझी कीर्ती तुझी नव्हे, अथेन्सची आहे. तो म्हणाला, खरं आहे, मी सेरिफोसचा असतो तर नावारूपाला आलो नसतो, पण तू अथेन्सचा असतास तरी आला नसतास. तसंच हे. सज्जन माणसालाही गरिबीत म्हातारपण सोपं जाणार नाही, पण दुर्जनाला कितीही पैसा मिळाला तरी स्वस्थता मिळणार नाही.

मग पैशाचा सगळ्यात मोठा उपयोग कोणता? इथे केफालस जे सांगतात ते ऐकून मी वाचता वाचता थांबलो होतो. मरण जवळ आलं, की आजवर ज्या गोष्टींना हसलो त्या पाताळातल्या शिक्षांच्या कथा खऱ्या वाटायला लागतात. माणूस आयुष्याचा हिशेब काढायला बसतो, कुणाचं काय वाईट केलं ते आठवायला लागतो. ज्याच्या हिशेबात बरंच काही निघतं तो लहान मुलासारखा रात्री झोपेतून दचकून उठतो. ज्याच्या हिशेबात काही निघत नाही त्याला आशेची सोबत असते. पैशाचा उपयोग एवढाच, की कुणाला फसवायची, खोटं बोलायची वेळ येत नाही, आणि देवाचं किंवा माणसाचं देणं डोक्यावर ठेवून जावं लागत नाही.

देवाचं देणं, माणसाचं देणं, ही भाषा आपल्याला समजावून द्यावी लागत नाही. पण सॉक्रेटिस इथेच शब्द पकडतो. म्हणजे न्याय याचा अर्थ खरं बोलणं आणि घेतलेलं परत करणं, असं म्हणायचं का? समजा एका मित्राने शहाणा असताना तुमच्याकडे शस्त्र ठेवायला दिलं आणि वेड लागल्यावर ते मागायला आला. परत द्यायचं? केफालस म्हणतात, नाही, बरोबर आहे तुझं. मग हसत म्हणतात, आता पुढचं तुम्ही बघा, मला पूजेकडे लक्ष द्यायला हवं. ते वादाचा वारसा मुलाच्या हवाली करतात आणि आत निघून जातात. उरलेल्या ग्रंथात ते पुन्हा दिसत नाहीत.

त्यांच्या निघून जाण्याचे अर्थ लोक आजवर लावत आले आहेत. मला वाटतं, प्लेटोला या माणसाबद्दल खरा आदर आहे आणि खरी काळजीही आहे. केफालस सचोटीचे आहेत, पण आपण सचोटीने का वागतो हे त्यांनी स्वतःला कधी विचारलेलं नाही. आजवर सरळ व्यवहार केले, देवाचं केलं, एवढं पुरलं. वेड्या मित्राचं शस्त्र समोर आलं की नियम पुरत नाही, आणि तिथे त्यांचा न्याय संपतो.

पुढच्या वादात बरंच काही घडतं. पोलेमार्कस म्हणतो, मित्राचं भलं आणि शत्रूचं वाईट करणं म्हणजे न्याय. सॉक्रेटिस विचारतो, घोड्याला इजा केली की घोडा बिघडतो, मग माणसाला इजा केली की त्याच्यातलं माणूसपणच बिघडणार ना? न्यायी माणूस न्यायाच्या जोरावर दुसऱ्याला अन्यायी कसा करेल? तिथेच बसलेला थ्रॅसिमाकस नावाचा वक्तृत्वाचा शिक्षक उसळून म्हणतो, न्याय म्हणजे बळी तो कान पिळी, बाकी सगळं बोलण्यापुरतं. त्याला उत्तर द्यायला प्लेटोला उरलेला ग्रंथ लागतो. थोडक्यात ते उत्तर असं: न्याय हा आधी माणसाच्या आतला बंदोबस्त आहे. विचार, तेज आणि वासना या तिघांनी आपापलं काम करावं, दुसऱ्याच्या गादीवर बसू नये. आत बंडाळी असलेला माणूस बाहेर न्यायाने वागला, तरी ते धाकाने किंवा सवयीने.

सवयीने वागण्याचा धोका प्लेटो ग्रंथाच्या शेवटी एका कथेत दाखवतो. एर नावाचा सैनिक मरून बारा दिवसांनी चितेवर जागा होतो आणि परलोकात काय पाहिलं ते सांगतो. तिथे आत्म्यांना पुढचा जन्म स्वतः निवडायचा होता. ज्याला पहिली संधी मिळाली त्याने घाईघाईने सगळ्यात मोठ्या जुलमी राजाचा जन्म उचलला. नीट पाहिलं तर त्या नशिबात स्वतःच्या मुलांना खाणं लिहिलेलं होतं. मग तो ऊर बडवत दैवाला, देवांना, सगळ्यांना दोष देत सुटला, फक्त स्वतःला सोडून. आणि हा काही पापी माणूस नव्हता. मागच्या जन्मी एका सुव्यवस्थित नगरात राहून तो चांगला वागला होता, पण सवयीने, समजून नव्हे. कट्ट्यावरचे म्हातारे वयाला दोष देतात ते आणि हा आत्मा दैवाला दोष देतो ते, ही एकच गोष्ट प्लेटोने पुस्तकाच्या दोन टोकांना ठेवली आहे.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल सवयीकडे याहून मायेने पाहतो. आपण म्हणतो, स्वभावाला औषध नाही. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की स्वभाव मुळात औषधासारखा रोज घेऊन घेऊनच तयार होतो. ग्रीकमध्ये शील या अर्थाचा ‘एथोस’ आणि सवय या अर्थाचा ‘एथोस’ हे दोन शब्द फक्त पहिल्या स्वराच्या लांबीने वेगळे आहेत. ॲरिस्टॉटल ते मुद्दाम दाखवून देतो. घरं बांधून माणूस गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, तसा न्यायाची कामं करून न्यायी होतो. आधी न्यायी व्हायचं आणि मग तसं वागायचं, असा क्रम नाही. आणि एक पाकोळी दिसली म्हणून वसंत आला असं होत नाही, तसं एक दिवस चांगलं वागून माणूस सुखी होत नाही. त्यासाठी अख्खं आयुष्य लागतं.

याच ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथात म्हाताऱ्यांचं जे वर्णन केलंय ते मात्र वाचवत नाही. ते संशयी होतात, कारण आयुष्यात पुष्कळदा फसलेले असतात. ठामपणे काही बोलत नाहीत, प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ आणि ‘असेलही’ जोडतात. चिकट होतात, कारण पैसा मिळवायला किती जड आणि गमवायला किती सोपा हे त्यांना माहीत असतं. आशेवर कमी आणि आठवणींवर जास्त जगतात, म्हणून सारखे जुनं सांगत बसतात. हे वाचून वाईट वाटतं, पण त्याने प्रत्येक दोषाला ‘कारण’ जोडलं आहे, आणि ते कारण बहुतेक वेळा जगाकडून खाल्लेला मार हेच आहे. आजोबा रिक्षाचे पैसे वाचवायला उन्हात चालत जातात तेव्हा घरात चिडचिड होते. ॲरिस्टॉटल वाचल्यावर माझी चिडचिड थोडी कमी झाली.

म्हातारपणाचा आणि न्यायाचा आणखी एक सांधा त्याच्याकडे आहे, तो माझा सगळ्यात आवडता. अथेन्समध्ये साठीला आलेल्या नागरिकांना वर्षभर लवादाचं काम करावं लागे. खाजगी भांडणं आधी त्यांच्यासमोर येत, तिथे मिटलं नाही तर कोर्टात जात. हे काम ऐच्छिक नव्हतं. ॲरिस्टॉटल म्हणतो, न्यायाधीश कायद्याकडे बघतो आणि लवाद रास्त काय ते बघतो.

रास्त म्हणजे काय, हे सांगायला त्याने बांधकामावरचं उदाहरण घेतलं आहे. आपल्याकडे गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला ताठ पट्टी लावतो. पट्टी वाकडी असून चालत नाही. पण लेस्बोस बेटावर वेड्यावाकड्या दगडांची भिंत रचायची पद्धत होती. तिथले गवंडी शिशाची पट्टी वापरत. शिसं मऊ. दगडाच्या बाकाला पट्टी दाबली की ती तसा आकार घेते, मग त्या आकाराला बसेल असा पुढचा दगड शोधायचा. ॲरिस्टॉटल म्हणतो, कायदा सगळ्यांसाठी एकदम लिहिलेला असतो, त्यामुळे काही प्रसंगी तो तोकडा पडणारच. त्यात चूक कायद्याचीही नाही आणि तो करणाऱ्याचीही नाही, माणसांचे व्यवहारच तसे आहेत. अशा वेळी तो कायदा करणारा स्वतः समोर असता तर त्याने काय म्हटलं असतं, ते ओळखून निर्णय घ्यावा. शिशाची पट्टी मोजायचं सोडत नाही, पण दगडावर जबरदस्तीही करत नाही. वेड्या मित्राचं शस्त्र परत न करणं म्हणजे हीच पट्टी. आणि अथेन्सने हे काम साठीच्या माणसांकडे दिलं होतं, ज्यांनी ‘कदाचित’ म्हणायला शिकून घेतलेलं असतं. ॲरिस्टॉटलने स्वतः हे दोन धागे जोडलेले नाहीत, मी जोडतोय. पण मला ते जुळलेले दिसतात.

वृद्धांशी न्यायाने वागायचा कायदाही अथेन्सकडे होता. आईवडिलांना न पोसणाऱ्या, घरात न ठेवणाऱ्या किंवा मारहाण करणाऱ्या माणसाला नागरिकांच्या सभेत बोलायचा हक्क राहत नसे. मोठ्या पदावर निवड झाली, की आधी विचारलं जाई: आईवडिलांना नीट वागवतोस का? अथेन्सचे कायदे करणाऱ्या सोलोनने त्यात एक अट घातली होती, असं नंतरचा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. बापाने मुलाला कुठलाच धंदा शिकवला नसेल, तर म्हातारपणी त्याला पोसायची मुलावर सक्ती नाही. आपल्याकडे आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये आला. तो वाचताना मला सोलोनची ही अट आठवते, कारण तिच्यात देणं दोन्ही बाजूंनी आहे.

रोमकडे वळू. इ.स.पू. ४४ मध्ये सिसेरो या वक्त्याने आणि राजकारण्याने म्हातारपणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. तो बासष्ट वर्षांचा होता. वर्षभरापूर्वी त्याची लाडकी मुलगी टुलिया गेली होती आणि राजकारणातून तो बाजूला पडला होता. पुस्तकात तो स्वतः बोलत नाही, शंभर वर्षांपूर्वीच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या केटो नावाच्या रोमन राजकारण्याला बोलतं करतो. दोन तरुण त्याला विचारतात, आणि प्रश्न सॉक्रेटिसचाच आहे: वाट कशी आहे? सोफोक्लीसचा किस्सा, थेमिस्टोक्लीसचा किस्सा, सगळं केफालसकडून जसंच्या तसं आलेलं आहे. म्हातारपणावरचे चार आरोप केटो एकेक करून खोडतो. कामातून उठवतं, शरीर खचवतं, सुखं हिरावतं, मरण जवळ आणतं. म्हातारे चिडके, हेकट, कंजूष होतात या आक्षेपावर तो म्हणतो, हे स्वभावाचे दोष आहेत, वयाचे नव्हेत. जुनी झाली म्हणून प्रत्येक दारू आंबत नाही.

त्याने सांगितलेली एक गोष्ट जरूर ऐकण्यासारखी आहे. अथेन्सच्या नाट्यगृहात एक म्हातारा उशिरा आला. तुडुंब गर्दी, एकाही अथेन्सकराने जागा दिली नाही. तो चालत स्पार्टाच्या वकिलातीसाठी राखून ठेवलेल्या जागेपाशी आला, तेव्हा ते सगळे उठून उभे राहिले आणि त्याला बसवलं. नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, योग्य काय ते अथेन्सच्या लोकांना कळतं, पण करायचं नसतं.

पण ज्या केटोच्या तोंडी सिसेरोने हे घातलं, तो खरा केटो कसा होता? त्याचं शेतीवरचं पुस्तक आजही वाचता येतं. त्यात तो जमीनमालकाला सांगतो, म्हातारे बैल विकून टाक, जुनी गाडी, जुनी अवजारं विक, म्हातारा गुलाम विक, आजारी गुलाम विक. एका दमात, एका यादीत.

प्लुटार्कने पुढे केटोचं चरित्र लिहिलं. केटोच्या साधेपणाचं, कष्टाळूपणाचं तो तोंडभरून कौतुक करतो. पण इथे आल्यावर त्याला राहवत नाही. तो लिहितो, जिवंत प्राण्यांना आपण चपला किंवा भांडी समजू नये, झिजली की टाकली. ज्या बैलाने माझं शेत कसलं त्यालासुद्धा मी म्हातारा झाला म्हणून विकणार नाही, मग चार नाण्यांसाठी म्हाताऱ्या माणसाला त्याच्या ओळखीच्या घरातून कसा काढू? त्याच्या मते न्यायाचं क्षेत्र माणसापुरतं, आणि दया त्याच्याही पलीकडे झऱ्यासारखी वाहत जाते. मग तो अथेन्सच्या खेचराची गोष्ट सांगतो. पार्थेनॉनचं बांधकाम चालू असताना जास्त राबलेल्या खेचरांना मोकळं सोडून दिलं होतं. त्यातलं एक रोज आपणहून परत यायचं आणि दगड ओढणाऱ्या खेचरांच्या बाजूने, त्यांना हुरूप दिल्यासारखं, चढावर चालत जायचं. अथेन्सकरांनी ठराव केला की याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने चारा द्यायचा. थकलेल्या बैलाचं काय करायचं हा प्रश्न ज्या घरात खरोखर उभा राहिला आहे, त्या घरातल्या माणसाला प्लुटार्कचं हे पान परकं वाटणार नाही.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकानेही साठी उलटल्यावर एका पत्रात स्वतःकडून झालेली अशीच एक चूक लिहून ठेवली आहे. तो आपल्या शेतघरी गेला. भिंती ढासळताहेत म्हणून कारभाऱ्यावर रागावला. कारभारी म्हणाला, माझी हयगय नाही, घरच जुनं झालंय. ते घर तर सेनेकाने स्वतः बांधलेलं! दारात एक बोळक्या तोंडाचा म्हातारा गुलाम दिसला. सेनेकाने विचारलं, हे मढं कुठून आणून बसवलंस? म्हातारा म्हणाला, मला ओळखलं नाहीत? मी फेलिसिओ. लहानपणी तुम्ही मला खेळायला मातीच्या बाहुल्या आणून द्यायचात. सेनेका त्यातून स्वतःच्या म्हातारपणाचा धडा घेतो आणि पुढे फार छान लिहितो. माझं मन मात्र दारात बसलेल्या फेलिसिओपाशी राहतं. एकत्र वाढलेल्या त्या दोघांत एकाचं म्हातारपण ग्रंथात गेलं, आणि दुसऱ्याचं तेवढ्याच ओळीत राहिलं.

केफालसच्या घरातही फेलिसिओ होतेच, एकदोन नव्हेत. केफालस मूळचे सिसिलीतल्या सिराक्यूजचे. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने आग्रह केला म्हणून ते अथेन्सला आले आणि तीस वर्षं तिथे राहिले. त्यांच्या मुलांचा ढालींचा कारखाना होता, कुटुंबाकडे एकशेवीस गुलाम होते. आसनावरची ती स्वस्थता, कुणाचं देणं नसल्याचं ते समाधान, त्याच्या खाली हे हात होते, आणि त्यांचं देणं त्या हिशेबात आलेलं नाही. हे मला सोडून देता येत नाही. तरीही केफालसना मी खोटं म्हणू शकत नाही, कारण त्यांच्या हिशेबातलं जे होतं ते खरं होतं. त्यांचा दुसरा मुलगा लिसियास नामांकित वक्ता झाला. तो कोर्टात सांगतो, या तीस वर्षांत आम्ही कुणावर खटला भरला नाही, आमच्यावर कुणी भरला नाही.

पण हे घर परक्यांचं होतं. कितीही वर्षं राहिले तरी त्यांना नागरिकत्व नव्हतं, आणि परक्यांसाठीचा वेगळा कर दरवर्षी भरावा लागे. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स युद्धात हरलं आणि तीस जणांच्या जुलमी टोळीच्या हातात सत्ता गेली. तिचा म्होरक्या क्रिटियास, प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. तिजोरी रिकामी होती, म्हणून या तिसांनी श्रीमंत परक्यांना पकडायचं ठरवलं. दहा जणांची यादी केली आणि तिच्यात मुद्दाम दोन गरीब घातले, म्हणजे पैशासाठी हे केलं असं कुणी म्हणू नये. लिसियासच्या घरी पाहुणे जेवायला बसलेले असताना माणसं आली. त्याने एकाला चांदी देऊन जीव मागितला. त्या माणसाने पेटी उघडलेली पाहून आतलं सगळंच उचललं. लिसियास दुसऱ्याच्या घरात अडकवलेला असताना तीन दारं ओलांडून निसटला. तिन्ही दारं नेमकी उघडी होती. रात्री होडीतून तो मेगाराला पोचला. पोलेमार्कसला मात्र त्या तिसांपैकी एराटोस्थेनीसने भर रस्त्यात धरलं. आरोप काय, हेही न सांगता त्याला विषाचा पेला पाजला. त्याच्या बायकोच्या कानातले सोन्याचे डूल त्यांच्यातल्याच मेलोबियसने काढून घेतले.

प्लेटोने रिपब्लिक लिहिलं ते हे सगळं होऊन गेल्यावर, आणि त्याच्या वाचकांना ते ठाऊक होतं. न्याय म्हणजे मित्राचं भलं आणि शत्रूचं वाईट, असं त्या रात्री म्हणणारा आणि मग ‘कुणाचंच वाईट करू नये’ हे पटवून घेणारा तो तरुण पुढे कसा गेला, हे डोळ्यांसमोर ठेवूनच ते पहिला भाग वाचत असणार. बळी तो कान पिळी हे थ्रॅसिमाकसचं वाक्य याच घरात उच्चारलं गेलं होतं.

लोकशाही परत आल्यावर लिसियासने एराटोस्थेनीसवर खटला भरला. ते भाषण आजही उपलब्ध आहे. त्यात तो भावाच्या अंत्यविधीचं सांगतो. कुटुंबाची तीन घरं होती, एकाही घरातून प्रेत उचलू दिलं नाही. एक झोपडी भाड्याने घेऊन तिथे पोलेमार्कसला ठेवलं. घरात वस्त्रांना तोटा नव्हता, मागितल्यावर एकही दिलं नाही. मित्रांनी जे जमेल ते आणलं. कुणी पांघरायला एक वस्त्र दिलं, कुणी डोक्याखाली एक उशी दिली. उशीसाठी लिसियासने वापरलेला शब्द ‘प्रोस्केफालायोन’ आहे. त्या उत्सवाच्या संध्याकाळी केफालस ज्यावर बसले होते, त्यालाही प्लेटोने हाच शब्द वापरला आहे.